रेखाताईंचा उजवा पाय

माझ्याकडे ड्रम शिकायला येणारा प्रत्येक माणूस पहिल्या दहा मिनिटांत एकच प्रश्न विचारतो. "मॅडम, तुमच्या पायाचा स्पीड किती?" हातांबद्दल कोणी विचारत नाही. कुठलं संगीत आवडतं, कोणाबरोबर वाजवता, हे तर नाहीच. स्पीड किती! जणू मी अंबरनाथ पूर्वेला साड्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसलेली शिक्षिका नसून शोरूममध्ये लावलेली मोटरसायकल आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडावर तयार असायचं. ते खोटं होतं. त्या खोट्यापायी एका बाईचा पाय दुखावला, आणि ज्या मशीनवर तिची सगळी पत होती ते मशीन तिच्या हातून गेलं. ते तिला परत मिळेल की नाही, या एका काळजीत माझे पाच महिने गेले. त्या पाच महिन्यांत मी माझा धंदा शिकले. आधीची नऊ वर्षं मी फक्त तो करत होते.

आधी वाद्य समजावून सांगते. ड्रमसेटमध्ये जमिनीवर टेकलेला, तोंड समोर केलेला जो सगळ्यात मोठा ढोल असतो, तो पायाने वाजतो. पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली की साखळी ओढली जाते आणि गोल डोक्याचा एक दांडा ढोलावर आपटतो. त्याला बीटर म्हणतात. पाय सैल सोडला की स्प्रिंग त्याला मागे आणते. एवढंच पेडल. डबल पेडल म्हणजे अशा दोन पट्ट्या, एकाच ढोलासाठी. डाव्या पायाची पट्टी लांब असते, तिथून एक आडवी सळई उजवीकडे येते आणि दुसरा बीटर हलवते. उजवा, डावा, उजवा, डावा. बरोबर जमलं तर ऐकणाऱ्याला दोन पाय ऐकूच येत नाहीत, जमिनीखालून सलग काहीतरी चाललंय असं वाटतं. नाही जमलं तर जिन्यावरून बटाट्याचं पोतं सोडल्यासारखं वाटतं.

यात डावा पाय हा कायमचा आरोपी. बदलापूर गावातून जनादादा यायचे, हळदीला वाजवणाऱ्या बेंजो पार्टीचे ड्रमर. ट्रॉलीवर सेट बांधून वाजवायचे, आणि आजूबाजूच्या गावांतल्या पार्ट्यांना मागे टाकायला त्यांनी डबल पेडल घेतलं होतं. आले तेच हताश होऊन. "माजे डावे पायान दमच नाय, मॅडम. बायको पन बोलते, तू डावीकरशी लंगरा." मी त्यांना वाजवायला लावलं. डावा ठोका खरोखरच उशिरा पडत होता. मग मी खाली वाकून सळई हाताने हलवली, तर तिच्या सांध्याचा स्क्रू सैल. बाबांच्या हत्यारांच्या पेटीतला पाना आणून तो पिळला. जनादादांनी पुन्हा वाजवलं आणि वाजवता वाजवता थांबले. "दोन वरसा पायाला शिव्या घातल्या, आनी चोर निंगाला हा खिला!"

माणसाच्या पायाला दोष देण्याआधी यंत्र तपासायचं, हे मी त्या दिवशी छातीठोकपणे सगळ्या वर्गाला सांगितलं. काही महिन्यांत मीच विसरले.

बाबांचं नाव आलंच आहे तर त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात फिटर होते आणि युनियनचे कार्यकर्ते. पत्रकं लिहिणं हे त्यांचं काम. आमच्या घरात बालगीतांचं पुस्तक नव्हतं. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. "कामगार बंधूंनो" हे मला अक्षरं म्हणून आधी आलं आणि अर्थ म्हणून नंतर. माझं नाव क्रांती का, हे आता वेगळं सांगायला नको. बाबांचा पत्रकाबाबत एक नियम होता. जे गेटवर उभं राहून, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या तोंडावर मोठ्याने वाचून दाखवता येत नाही, ते छापायचं नाही. तरुण कार्यकर्ते तावातावाने मजकूर आणायचे आणि बाबा म्हणायचे, "वाच गेटवर." अर्धा मजकूर तिथेच गळायचा.

मी ड्रम वाजवते याला त्यांची हरकत कधीच नव्हती. हरकत होती ती मेट्रोनोमला. टिक्-टिक् करत ठरलेल्या वेगाचे ठोके देणारं ते छोटं यंत्र. मी ते पहिल्यांदा घरी लावलं तेव्हा बाबा उठून गॅलरीत गेले. मला वाटलं आवाजाचा त्रास होतो. आई म्हणाली, "त्यांच्या खात्यात एक माणूस यायचा, स्टॉपवॉच घेऊन मागे उभा राहणारा. एक नग करायला किती सेकंद लागतात ते लिहायचा. मग पुढच्या महिन्यात नग वाढायचे." मी हसून म्हटलं, "बाबा, हे घड्याळ माझं आहे. मीच लावते, मीच बंद करते."

आता खोट्याकडे येते. आमचा चार जणांचा बँड होता. उल्हासनगरात एका स्टुडिओत आम्ही आमचं एक गाणं रेकॉर्ड केलं. त्यात शेवटी डबल पेडलचा एक तुकडा होता, मिनिटाला दोनशे दहाच्या वेगाचा. मला तो येत नव्हता. आठ-दहा वेळा प्रयत्न केला, प्रत्येक वेळी मधेच डावा पाय चिखलात रुतल्यासारखा व्हायचा. ठरलेले तास संपत आले. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, "दीदी, टेन्शन मत लो, मैं सीधा कर देता हूँ." त्याने पडद्यावर माझे ठोके एकेक करून उचलले आणि रेघेवर नेऊन ठेवले. उशिराचे पुढे ओढले, हलके होते ते जड केले, आणि मी शेवटी थांबताना जे दोन फालतू ठोके पडले होते ते पुसून टाकले. तयार झालं ते ऐकताना मला लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर फार आनंद झाला. वाटलं, मी आज नाही तर उद्या अशीच वाजवणार आहे, मग उद्याचं आज दाखवलं तर काय बिघडलं?

त्याचा व्हिडिओ आमच्या भागात खूप फिरला. क्लासच्या मालकांनी माझा फोटो छापून जिन्यात लावला, "अंबरनाथचे सर्वांत वेगवान पाय". मी रोज त्या फोटोवरून वर चढायचे. विद्यार्थी वाढले. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीतले अधिकारी आले, बावन्न वर्षांचे, अतिशय नम्र. त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, टार्गेट काय?" मी सांगितलं, दर आठवड्याला मेट्रोनोम पाचने वाढवा. त्यांनी त्याचा सुंदर तक्ता टाइप करून आणला. मला तो एवढा आवडला की मी त्याच्या झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटल्या.

त्यातली एक प्रत रेखाताईंना मिळाली.

रेखाताई एक्केचाळीस वर्षांच्या. राहायला आणि कामाला उल्हासनगर कॅम्प पाचला, जीन्सच्या कारखान्यात शिलाईला. त्यांनी खरं तर मुलीला माझ्याकडे घातलं होतं. मुलीला दहावीच्या ट्यूशनमुळे जमेना, तर एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्या स्वतःच येऊन उभ्या राहिल्या. "तिच्या जागेवर मी बसले तर चालेल ना? की वयाचा दाखला लागतो?"

त्या कारखान्यात साधी शिलाई करत नव्हत्या. सॅम्पल मशीनवर बसायच्या. व्यापारी नवीन डिझाइन आणतो, तेव्हा त्याची पहिली पँट एकच माणूस शिवतो. ती पास झाली तर मालाची ऑर्डर मिळते. त्या पहिल्या पँटसाठी वेगळं मशीन असतं, खिडकीजवळ, आणि त्यावर बसणाऱ्याला सगळे विचारून काम करतात. अठरा वर्षं धागे कापून, खिसे शिवून, बेल्ट लावून रेखाताई त्या खिडकीपर्यंत पोचल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात ते मशीन सारखं यायचं, एखाद्या कर्तबगार दिरासारखं.

शिलाईच्या मोठ्या मशीनचं पेडल पायाच्या पंजाने पुढे दाबलं की मोटर धावते. जुन्या मोटरी तर जरा दाब जास्त पडला की उधळतात. टाचेने मागे दाबलं की थांबते. खिशाच्या कोपऱ्यावर सुई नेमकी थांबावी लागते, मग कापड वळवायचं. नवीन मुलीला आधी धाग्याशिवाय कागदावर शिवायला बसवतात. पेन्सिलीने रेघा आखलेल्या असतात, आणि खुणेच्या पुढे एकही भोक पडता कामा नये. रेखाताई त्या मोटरवर एकेक टाका घेऊ शकत. म्हणजे उजव्या पायात किती ताबा असेल याची कल्पना करा. मला ती करता आली नाही. मला फक्त त्या "स्लो" वाटल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी पेडलकडे बघून विचारलं, "टाच वर ठेवायची? दोन्ही पायांची?"

"हो. मग सगळ्या पायाचं वजन मिळतं."

"मग ब्रेक कशाने मारता?"

"ड्रमला ब्रेक नसतो, ताई."

"मग थांबता कसं?"

"थांबायचं कशाला?" मी म्हटलं. वर्गातली पोरं हसली. मला माझं उत्तर फार चुरचुरीत वाटलं.

रेखाताईंनी तक्ता घरी नेला आणि भिंतीवर लावला. खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून मीच त्यांना सांगितलं होतं की गोधडीची घडी घालून तिच्यावर पाय मारायचा सराव करा. इथे माझी चूक कुठे आहे ते सांगते. ढोलाचं कातडं बीटरला परत फेकतं, स्प्रिंग उरलेलं काम करते, पायाला उचलायचं काम जेमतेम अर्धं राहतं. गोधडी काहीच परत देत नाही. प्रत्येक वेळी पंजा वर उचलायला नडगीच्या पुढचा स्नायू एकटाच राबतो. त्यात वेग वाढला की मांडीतून पाय मारणं थांबवून हालचाल घोट्यात आणावी लागते. तो बदल शिकवावा लागतो, तो आकड्यामागे धावून येत नाही. मी शिकवला नव्हता. पाचने वाढवा, एवढंच सांगितलं होतं. आणि जो पाय घरी रात्रीचं जेवण आटोपल्यावर गोधडीवर राबत होता, तोच पाय दिवसभर मशीनवर होता.

चार महिने झाले तेव्हा त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, नडगीत ठणकतं." मी म्हटलं, "डाव्या?" "नाही, उजव्या." मी म्हटलं, "चांगलं आहे, स्नायू तयार होतोय." हे वाक्य मी लिहून ठेवते आहे, कारण ते विसरायची मला परवानगी नाही.

पुढचे दोन शुक्रवार त्या आल्या नाहीत. फोन केला तर मुलगी बोलली. आईचा पाय सुजलाय. कारखान्यात खिशाच्या कोपऱ्यावर सुई थांबली नाही, डाव्या हाताच्या बोटात गेली. सॅम्पलची पँट खराब झाली. आता आईला सॅम्पलवरून उठवलंय.

मी घरी आले तेव्हा बाबा जेवायच्या टेबलाशी चष्मा लावून काहीतरी वाचत होते. तो तक्ता होता, माझ्या बॅगेतून पडलेला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"हे तू छापलंस?"

"एका विद्यार्थ्याने केलंय. वाक्यं माझी आहेत." मग मी त्यांना रेखाताईंचा पाय, बोट, मशीन, सगळं सांगितलं.

ते उठले, कपाटातल्या खोक्यातून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि तक्त्याशेजारी ठेवला. ती कंपनीची जुनी नोटीस होती, जिच्याविरुद्ध त्यांनी पत्रक काढलं होतं. "प्रत्येक कामगाराने दर आठवड्याला पाच नग वाढवावेत." शेजारी माझं वाक्य. "प्रत्येक विद्यार्थ्याने दर आठवड्याला पाच ठोके वाढवावेत."

"घड्याळ तुझंच आहे म्हणाली होतीस," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मग त्या बाईच्या पाठीमागे कोण उभं होतं, क्रांते?"

मी उलट बोलले. म्हटलं, कंपनी नफ्यासाठी करते, मी कलेसाठी करते. रेखाताई स्वतःच्या मर्जीने शिकायला येतात, कोणी जबरदस्ती करत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "उद्या जा. आणि हे तिच्यासमोर वाच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कॅम्प पाचला गेले. तळमजल्यावरचा लांब हॉल, मशीनच्या चार रांगा, सगळ्यावर निळसर कापडी धूळ. खिडकीजवळच्या मशीनवर एक तरुण मुलगी बसली होती. रेखाताई पलीकडे जमिनीवर, पँटच्या ढिगाशेजारी, उजवा पाय लांब करून धागे कापत होत्या. बोटाला पट्टी होती. अठरा वर्षांपूर्वी त्यांनी जिथून सुरुवात केली, ती ही जागा.

सेठ गल्ल्यावरून म्हणाले, "आओ मॅडम, बैठो. पाँव की मास्टर थी हमारी. अब क्या करें साईं, पार्टी तो रुकती नहीं." त्यांच्या स्वरात राग नव्हता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

बायकांनी डबे उघडले होते. रेखाताईंनी मला त्यांच्याशेजारी बसवलं, पोळीभाजी पुढे केली. आणि त्या माझीच माफी मागायला लागल्या.

"मीच कमी पडले, मॅडम. तुमचा व्हिडिओ रोज बघायचे. म्हटलं, ही पोरगी एवढीशी, ती करते, तर माझा पाय तर अठरा वर्षं पेडलवर आहे. एकशे ऐंशीला पोचले होते हो. मग गेलाच पाय."

गप्प राहिले असते तर विषय तिथेच संपला असता. त्यांनी सगळा दोष आधीच स्वतःवर घेतला होता, मला फक्त पोळीचा तुकडा मोडायचा होता. तक्ता बॅगेतच होता, पण बाबांचा नियम डोक्यात होता, आणि गेट म्हणजे नेमकं काय ते मला त्या हॉलमध्ये कळलं.

"तो वेग माझा नाहीये," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"पायाचा तो तुकडा मला येत नाही. स्टुडिओतल्या मुलाने कॉम्प्युटरवर ठोके सरळ केले. शेवटचे दोन चुकीचे होते, ते पुसले. मी ते कोणालाच सांगितलं नाही."

आजूबाजूच्या डब्यांचा आवाज थांबला. एक बाई दुसरीला हळूच म्हणाली, "काय बोलली गं?" दुसरीने सांगितलं, "व्हिडिओ नकली आहे म्हणते."

रेखाताईंनी डबा बंद केला. "आणि तुम्हाला किती येतं? खरं."

"एकशे साठपर्यंत स्वच्छ. त्याच्या पुढे डावा पाय खोटं बोलतो."

"म्हणजे मी तुमच्या पुढे गेले होते?" त्या हसल्या नाहीत. "मी तुमच्या पुढे गेले होते, आणि घरी बसून रडत होते की आपल्याला येत नाही?"

मी मान डोलावली.

"ऐका, सॅम्पलचा एक कायदा आहे. ज्या मशीनवर माल निघणार, त्याच मशीनवर सॅम्पल शिवायचा. भारी मशीनवर, जास्त वेळ घेऊन, हाताने टाके भरून सॅम्पल सुंदर करता येतो. पार्टी खूश होते. पण मग खालच्या बायकांना तो माल निघत नाही, त्या रात्रंदिवस मरतात, आणि शिव्या त्यांनाच बसतात. मी एकदाही तसा सॅम्पल शिवला नाही, मॅडम. सेठने सांगितलं तरी नाही." मग त्यांनी कात्री उचलली. "तुम्ही शिवलात. आता जा. सुट्टी संपली."

त्या दिवशी संध्याकाळी मी व्हिडिओ काढून टाकला आणि जिन्यातला फोटोही. फोटोच्या जागी हाताने लिहिलेला कागद लावला, की तो वेग कॉम्प्युटरचा होता आणि मी शिकवते तो वेग एकशे साठ आहे. प्रत्येक बॅचसमोर तो वाचून दाखवला. मालक म्हणाले, "अहो, सगळेच करतात! आजकाल कोणाचे पाय खरे असतात?" बँडमधल्यांना तर मी त्यांच्या पाठीत सुरा खुपसल्यासारखं वाटलं. गाणं चौघांचं होतं आणि मी त्यांना न विचारता ते काढलं होतं. यात त्यांचं काही चुकत नव्हतं. बँड तुटला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. बरेच विद्यार्थी गेले. केमिकलवाले साहेब मात्र राहिले. त्यांनी फक्त तक्ता परत मागितला आणि फाडला.

आणि रेखाताई आल्या. तीन महिन्यांनी, शुक्रवारी, डॉक्टरांनी पाय मोकळा केल्यावर. अजून धागेच कापत होत्या. माझ्याशी धड बोलल्या नाहीत. माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वाजवा."

मी वाजवलं.

"थांबा म्हटलं की थांबायचं."

त्यांनी मधेच "थांबा" म्हटलं. माझे हात थांबले. पाय थांबले, पण बीटर ढोलावर टेकून थरथरला आणि दोन फालतू ठोके पडले. तेच दोन, जे स्टुडिओत पुसले होते.

"दोन टाके पुढे गेलात," रेखाताई म्हणाल्या. "खिसा गेला."

मग दर शुक्रवारी आमचं हेच चाललं. मेट्रोनोम साठवर. चप्पल काढून अनवाणी. माझं स्टूल इतकं उंच की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील, म्हणजे पाय धरून ठेवावा लागत नाही. स्प्रिंग सैल केली, कारण घट्ट स्प्रिंग वेगाचा भास देते आणि वसुली नडगीकडून करते. आणि टाच. टाच खाली टेकवून घोट्यातून एकेक ठोका, बीटर कातड्याला लागून मागे येतो तो पायाच्या तळव्याने झेलायचा, जिथे हवा तिथे धरायचा. ते धरणं म्हणजे ताबा. टाच टेकता आली की ती उचलणं हा निर्णय होतो, सवय राहत नाही. चार ठोके, थांब. सात ठोके, थांब. किती ठोक्यांवर थांबायचं ते रेखाताई सांगायच्या, आणि कधीकधी मुद्दाम सांगायच्या नाहीत. मला माझे पाय इतके परके कधी वाटले नव्हते.

गंमत अशी की मी वेग सोडला आणि तो मागून आला. थांबता येणारा पाय घाबरत नाही, आणि न घाबरलेला पाय आखडत नाही. हे मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे ज्यांना माहीत होतं त्या कॅम्प पाचला खिसे शिवत होत्या.

रेखाताई स्वतः मात्र वाजवत नव्हत्या. मी आग्रह केला नाही. तो हक्क माझ्याकडे उरला नव्हता. घरून येताना त्या कधीकधी मुलीच्या वहीचा कागद आणायच्या, भोकं पाडलेला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातल्या रिकाम्या मशीनवर बसून सराव करत होत्या. पहिल्या कागदांवर खुणेच्या पुढे तीन भोकं, मग दोन. कागद माझ्यापुढे धरायच्या, मी नुसती मान हलवायचे. दोघीही एकमेकींचे फालतू टाके मोजत होतो.

मग एका शुक्रवारी त्या स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या.

"काल सेठने बोलावलं. ती पोरगी चांगली आहे, पण कोपऱ्यावर घाई करते. पार्टीने दोन सॅम्पल परत केले. सेठ म्हणाले, रेखा, बैठ के दिखा. कागद दिला हातात. पाच रेघा."

"मग?"

त्यांनी पर्समधून कागद काढला. पाच रेघा, पाच खुणा, आणि प्रत्येक खुणेवर शेवटचं भोक. पुढे कोरा कागद.

मला रडू आलं. त्यांनी ते बघितलं आणि लगेच म्हणाल्या, "बास. उद्यापासून खिडकीजवळचं मशीन माझं. उठा आता. मला बसू द्या."

त्या ड्रमसेटमागे बसल्या. उजवा पाय त्यांनी पेडलवर ठेवलाच नाही, तो बाजूला जमिनीवर, टाच टेकून. डावा पाय लांबच्या पट्टीवर ठेवला.

"उजवा?" मी विचारलं.

"उजवा पाय पोटाचा आहे. तो मशीनचा. तुम्हाला परत नाही देणार." मग किंचित हसल्या, बऱ्याच महिन्यांनी. "डाव्याने अठरा वर्षं काही केलं नाही, नुसता बसून होता. हा माझा. हा शिकवा."

आणि त्यांनी एका पायाने, साठच्या वेगावर, आठ ठोके दिले. थांबल्या. बीटर हवेत थांबला, हलला नाही.

गेल्या महिन्यात मी नवीन रेकॉर्डिंग केलं. एकटीचं, फक्त ड्रमचं. वेग एकशे साठ, एका ठोक्यानेही जास्त नाही. शुक्रवार बघून घेतला, म्हणजे रेखाताई येतील. त्या काचेपलीकडे खुर्चीत बसल्या, बाबाही आले होते, आणि मेट्रोनोम सुरू झाला तेव्हा ते उठून गेले नाहीत. तुकडा चांगला झाला. शेवटी थांबले, आणि डाव्या बीटरचा एक बारीक, ऐकूही येऊ नये असा ठोका पडला.

स्टुडिओतला मुलगा, तोच, म्हणाला, "परफेक्ट, दीदी. वो लास्ट वाला मैं उड़ा देता हूँ."

मी काचेतून रेखाताईंकडे बघितलं. त्यांनी एक बोट वर केलं. त्याच बोटावर सुईची खूण आहे. मग त्या माइकजवळ वाकल्या.

"एक टाका पुढे गेला. पुसू नका. उसवा आणि परत शिवा."

मी पाय पुन्हा पट्ट्यांवर ठेवले. टाचा आधी.